जीसीच्या स्टार्टवर बाहेरचा डिटेक्टर कसा सुरू करायचा? (डिटेक्टर म्हणजे पतंगाची मिशी आहे)

बोंडअळीच्या_मागे | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इथे इन्स्ट्रुमेंटवाले बरेच आहेत म्हणून विचारतेय. प्रश्न येडपट वाटला तर हसा, पण उत्तर द्या.

आमच्याकडे जुनं ६८९० जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातली संयुगं एकेक करून वेगळी करणारं यंत्र) आहे, एफआयडीवालं (ज्योतीवर चालणारा त्याचा नेहमीचा डिटेक्टर). कॉलमच्या शेवटी वाय-स्प्लिटर लावून अर्धा गॅस एफआयडीला जातो आणि अर्धा गरम ट्रान्सफर लाइनमधून ओव्हनच्या बाहेर काढलाय. तिथे ओलसर हवेच्या नळीत तो मिसळतो आणि समोर गुलाबी बोंडअळीच्या नर पतंगाची कापलेली मिशी दोन काचेच्या कॅपिलरींमध्ये ताणून बसवलेली असते, आत सलाइन आणि चांदीची तार. मिशीला वास कळला की काही मायक्रोव्होल्ट ते एखादा मिलिव्होल्ट इतका झटका बसतो, तो अँप्लिफायरमधून रेकॉर्डरवर येतो. रेकॉर्डरच्या दुसऱ्या चॅनलवर एफआयडीचं ॲनालॉग आउटपुट. याला ईएडी म्हणतात. कपाशीच्या पात्या-फुलांच्या वासातलं नेमकं कुठलं संयुग पतंगाला कळतं ते शोधायचंय.

ऑटोसॅम्पलर कधीचा बंद आहे, त्यामुळे हाताने इंजेक्ट करून डाव्या हाताने जीसीचं स्टार्ट दाबते आणि ज्युनिअर तिकडे माउस क्लिक करतो. तो कधी एक सेकंद उशिरा, कधी तीन, आणि परवा तर चहा पीत होता. म्हणून जीसीच्या मागच्या ९ पिनच्या रिमोट सॉकेटमधून वायर काढून रेकॉर्डरच्या डिजिटल इनपुटला द्यायची ठरवली. मॅन्युअलमध्ये पिन ३ स्टार्ट, पिन १ ग्राउंड. तशी केबल मीच सोल्डर केली. आता होतंय असं की ट्रिगर कधी बसतो कधी नाही, आणि एसीचा कॉम्प्रेसर चालू झाला की आपोआप बसतो! वर मिशीच्या सिग्नलवर ५० हर्ट्झची जाड पट्टी आलीय.

एक मिशी तासभर टिकली तर नशीब, आमचा रन २५ मिनिटांचा. एक ट्रिगर चुकला की एक पतंग वाया. कुणी असं जोडलंय का?

झुरळ_मारके | रात्री ११:४८

अँटेना हलवून बघा. आमच्या लहानपणी भाऊ गच्चीवर जायचा आणि आम्ही खालून ओरडायचो, "आलं... आलं... गेलं!"

सोल्डरचा_धूर | रात्री ११:५२

@झुरळ खिक्. ५० हर्ट्झची पट्टी म्हणजे तेव्हाच्या मुंग्याच की.

रिमोट सॉकेटचं थोडं सांगतो. पिन ३ ची लाइन आतून साधारण २.२ किलोओहमच्या रेझिस्टरने ५ व्होल्टला ओढून ठेवलेली असते. म्हणजे निवांत असताना हाय, आणि स्टार्ट दाबलं की जीसी तिला ग्राउंडला खेचतो. लो म्हणजे स्टार्ट. तुमच्या रेकॉर्डरला चढता काठ लागतो की उतरता ते आधी सेटिंगमध्ये बघा. निम्मे लोक इथेच अडकतात.

बोंडअळीच्या_मागे | रात्री ११:५९

उतरता काठच सेट आहे. तरी हे.

ओव्हनकाका | मंगळवार, सकाळी ६:१५

मुली, तू हे काम विदर्भात बसून करते आहेस असं दिसतंय, म्हणून आधी पाठीवर थाप. आता काकांची रटाळ गोष्ट ऐक.

मी तारापूर एमआयडीसीत तीस वर्षं क्यूसीच्या इन्स्ट्रुमेंटमध्ये काढली. आमच्या काळी जीसीच्या शेजारी पट्टीवर चालणारा रेकॉर्डर असायचा, १ मिलिव्होल्टचा, शाईचं पेन. इंजेक्ट करणारा ओरडायचा "गेलं!" आणि दुसरा कागदावर पेन्सिलीने रेघ मारायचा. तोच आमचा ट्रिगर. तुझा चहा पिणारा ज्युनिअर म्हणजे आमच्याच परंपरेतला म्हणायचा.

पुढे एकदा एका पोराने हेच रिमोट सॉकेट पीएलसीला (कारखान्यातल्या यंत्रांच्या कंट्रोलरला) जोडलं. पीएलसीचं इनपुट २४ व्होल्टचं, आणि यांचं सगळं ५ व्होल्टच्या लॉजिकचं. दुपारी तीनला जळक्याचा वास आला, तो कुठल्याच कॉलममधून आलेला नव्हता. पोरगं आजही भेटलं की तो विषय टाळतं. तेव्हा जोडायच्या आधी रेकॉर्डरच्या इनपुटवर मोकळं असताना किती व्होल्ट येतात ते मल्टिमीटरने मोज. ५ आले तर ठीक. २४ आले तर हात मागे घे आणि इथे येऊन सांग.

नागपुरी_संत्रं | सकाळी ८:०२

काऊन घाबरवता काका पोरीला. बोंडअळीनं आधीच सगळ्यांना घाबरवून ठेवलं आहे.

आमच्या घरी कपाशी आहे. २०१७ ला जे झालं ते पाहिलं, बोंड फोडलं की आत गुलाबी अळी मजेत बसलेली. बाहेरून बोंड एकदम चकाचक. तेव्हापासून बाबा रोज सकाळी कामगंध सापळे मोजतात. सलग तीन रात्री सापळ्यात सरासरी ८ पतंग आले की फवारणीचा विचार करायचा, असं सांगितलं आहे. डोमकळी (अळी पडल्यानं न उमलता मिटून राहिलेलं फूल) दिसली की तोडून नष्ट करायची. ताईंचं काम झालं तर सापळ्यात मादीच्या वासाबरोबर फुलाचा वासपण टाकता येईल का? टाका म्हणा लवकर.

बोंडअळीच्या_मागे | सकाळी ८:३०

@नागपुरी_संत्रं तेच तर डोक्यात आहे. पण आधी ट्रिगर बसू दे भाऊ.

@ओव्हनकाका मोजलं. ४.९ व्होल्ट. वाचले.

डेटा_दादा | सकाळी ९:१०

मला एक कळत नाहीये. एफआयडी आणि मिशी दोन्ही एकाच रेकॉर्डरच्या दोन चॅनलवर येतायत ना? मग दोन्हींची वेळ आपोआप जुळलेलीच आहे. ट्रिगर हवा कशाला? रेकॉर्डर आधीच चालू करून ठेवा, बोंबलत जाऊ दे. उगाच वायरी वाढवायच्या आणि मग हम (ती ५० हर्ट्झची पट्टी) येतो म्हणून रडायचं.

कॅपिलरी_क्वीन | सकाळी ९:२५

+१. हेच लिहायला आले होते.

बोंडअळीच्या_मागे | सकाळी ९:५०

@डेटा_दादा रास्त प्रश्न आहे, मी नीट लिहिलं नाही. एका रनमध्ये काहीच अडचण नाही. पण मिशीचा प्रतिसाद इतका बारीक आणि नॉइज इतका की एका रनवर कुणी विश्वास ठेवत नाही, मीसुद्धा नाही. दहा-बारा पतंगांचे रन एकावर एक ठेवून सरासरी काढली की खरा झटका उभा राहतो आणि नॉइज दबतो. त्यासाठी प्रत्येक रनचा शून्य तोच हवा. शिवाय तेच सँपल आम्ही दुसरीकडे मास स्पेकवर चालवतो, तिथल्या अल्केनच्या इंडेक्सशी (कुठलं संयुग कधी बाहेर येतं त्याची मोजपट्टी) जुळवायचं तर इंजेक्शनपासूनचा वेळ लागतो. सध्या बारा रन हाताने सरकवून जुळवतेय, डोळे गेले.

डेटा_दादा | सकाळी ९:५८

मग सॉल्व्हंट पीकचा चढता काठ शून्य धरा. हेक्झेनचा डोंगर लपून थोडाच राहणार. चार ओळींचा पायथन.

बोंडअळीच्या_मागे | सकाळी १०:०६

करून पाहिलं. स्प्लिटलेस इंजेक्शन आहे, हाताने मारतेय, त्यामुळे डोंगराचा पायथा रोज थोडा वेगळा दिसतो. आणि रेकॉर्डरचं ते चॅनल तिथे सॅच्युरेट होतं. तात्पुरतं चालतं, पण थिसिसमध्ये लिहायला लाज वाटते.

डेटा_दादा | सकाळी १०:०९

लाजेवर पायथनमध्ये लायब्ररी नाही. माघार.

एकपेशीय | सकाळी १०:३०

अवांतर: कापलेली मिशी तासभर जिवंत राहते???

बोंडअळीच्या_मागे | सकाळी ११:१५

@एकपेशीय राहते, फक्त सुकू द्यायची नाही. पतंग थोडा वेळ बर्फावर ठेवायचा म्हणजे गार पडतो. मग मायक्रोस्कोपखाली बारीक कात्रीने मिशी बुडाशी कापायची आणि टोकाचे दोन-तीन खंड छाटायचे, म्हणजे आतला द्रव सलाइनला भिडतो. बुडाचं टोक एका कॅपिलरीत, शेंड्याचं दुसरीत. श्वास जोरात सोडला की मिशी उडून जाते, म्हणून मी मास्क लावते, कोविडचा नाही. सलाइनचा थेंब कॅपिलरीच्या तोंडाशी फुगलेला दिसायला हवा. तो आत ओढला गेला की समजायचं सुकतंय. हवेची नळी पाण्याच्या बाटलीतून फिरवून आणतो ती त्यासाठीच.

मादीच्या वासाला नराचीच मिशी खणखणीत उत्तर देते. रोज आधी गॉसिप्ल्युअरचा (हाच तो मादीचा वास) एक पफ देऊन बघते. झटका बसला तर मिशी चालू, नाहीतर पुढचा पतंग.

मिश्या_आणि_मी | सकाळी ११:४०

कीटकवाला आहे म्हणून थोडं जोडतो, धागा भरकटला तर क्षमस्व. मिशीतून वीज मोजायची ही कल्पना जर्मनीतल्या डिट्रिश श्नायडरची, १९५७, रेशमाच्या पतंगावर. दोनच वर्षांनी १९५९ मध्ये बुटेनांटच्या गटाने त्याच पतंगाच्या मादीचा वास वेगळा केला, बॉम्बिकॉल. त्यासाठी सुमारे ५ लाख माद्या लागल्या. पाच लाख! आणि इथे ताई एका पतंगासाठी हळहळतायत. मिशी थेट जीसीच्या तोंडाशी बसवायचं तंत्र पुढे आलं आणि १९७५ मधल्या आर्न, श्टेडलर, राउशर यांच्या पेपरने त्याला 'डिटेक्टर' हे नाव चिकटलं. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा वास १९७३ मध्ये ओळखला गेला, एकाच संयुगाचे दोन समघटक जवळपास निम्मे-निम्मे.

रच्याकने, ज्या प्रमाणात एफआयडीला काही दिसतसुद्धा नाही त्या प्रमाणात कधीकधी मिशी ओरडते. सपाट बेसलाइन आणि खाली मिशीचा खड्डा. तो बघितल्यावर अंगावर काटा येतो.

हापूसवाला_नवीमुंबई | दुपारी १:०५

आमच्याकडे डिटेक्टर माणूस आहे. खरंच. फ्लेवरच्या कामात जीसीच्या शेवटी काचेची तोटी असते, तिथे नाक लावून बसायचं आणि वास आला की बटण दाबून सांगायचं, "गवत", "कॅरॅमल", "जुनी छत्री". नाक कोरडं पडू नये म्हणून इथेही ओलसर हवाच सोडतात. हापूसला बसलो होतो तेव्हा फ्युरेनिओल आला की मी मराठीत "साखरेचा पाक" आणि शेजारचा गुजराती "घारी". दोघंही बरोबर.

ट्रिगरचं म्हणाल तर आमचं बटणच दीड सेकंद उशिरा असतं, त्यामुळे आम्ही या भानगडीत पडलोच नाही.

झुरळ_मारके | दुपारी १:११

"जुनी छत्री" हहपुवा. या डिटेक्टरला जेवणानंतर बेसलाइन ड्रिफ्ट होतो का?

हापूसवाला_नवीमुंबई | दुपारी १:१४

कांदा खाल्ला असेल तर त्या दिवशी डिटेक्टर सुटीवर.

सोल्डरचा_धूर | दुपारी २:२०

मूळ मुद्द्यावर येऊ. माझा सल्ला: मध्ये ऑप्टोकपलर टाका, म्हणजे वायरीऐवजी उजेडाने सिग्नल पलीकडे देणारा भाग. पीसी८१७, पाच-दहा रुपयांना मिळतो. पिन ३ ला एलईडीची बाजू, पलीकडचा ट्रान्झिस्टर रेकॉर्डरच्या इनपुटला. दोन्ही बाजूंचे ग्राउंड वेगळे, हम गायब. विषय संपला.

ओव्हनकाका | दुपारी ३:००

@सोल्डरचा_धूर ऑप्टोला अनुमोदन, पण जोडणी तू म्हणतोस तशी नको. पिन ३ ते ग्राउंड असा एलईडी टांगलास तर तो जळायला करंट कुठून येणार? त्याच २.२ किलोतून. ५ वजा १.२ भागिले २.२, म्हणजे पावणेदोन मिलिअँपच्या आसपास. ते सोड, खरी गंमत पुढे. एलईडी लावल्यावर ती लाइन कायमची १.२ व्होल्टवर येऊन बसेल. हाय म्हणायला २.२ च्या वर हवी, लो म्हणायला ०.४ च्या खाली. ही मधेच लोंबकळणार, ना घर का ना घाट का. कुठल्या जीसीला ते स्टार्ट वाटेल आणि कुठल्याला नाही, हे त्याच्या मूडवर.

जोडायचंच तर बाहेरचे ५ व्होल्ट, ३९० ओहम, एलईडी, आणि त्याचं खालचं टोक पिन ३ ला. म्हणजे स्टार्टला जीसी ते खेचेल तेव्हाच पेटेल. पण तेही नको. पिन ३ ही येणारी आणि जाणारी अशी दोन्ही बाजूंची लाइन आहे. तिला दुसऱ्या कुणी खाली ओढलं तरी जीसी पळायला लागतो. लटकवशील त्या प्रत्येक गोष्टीने उलटा ट्रिगर जाण्याची भीती.

सोल्डरचा_धूर | दुपारी ३:१२

काका, मान्य. घाईत लिहिलं. २.२ किलो मीच वर लिहिला होता आणि मीच विसरलो.

म्यूनिकची_माई | संध्याकाळी ५:४५

बोंडअळीताई, दोन गोष्टी कराल का? (१) रेकॉर्डरपासून केबल सोडवा, जीसीकडे तशीच राहू द्या, आणि केबलच्या मोकळ्या दोन टोकांमध्ये डीसी व्होल्टेज मोजा. निवांत असताना ५ च्या आसपास यायला हवेत. (२) परत जोडा, आणि एफआयडीची ॲनालॉग वायर काढून ट्रिगर चालतो का बघा. का ते नंतर सांगते, आधी सांगितलं तर तुम्हाला तेच दिसेल.

बोंडअळीच्या_मागे | रात्री ८:३०

केलं. (१) ५ येत नाहीत! ०.३ दिसतात, मग १.१, मग पुन्हा खाली. वायरला हात लावला की आकडा बदलतो. (२) एफआयडीची वायर काढली की ट्रिगर ठार बंद. वीस वेळा स्टार्ट दाबलं, एकदाही नाही. वायर लावली की परत "कधी हो कधी नाही".

म्हणजे एफआयडीच्या वायरमधून ट्रिगर जातोय??

झुरळ_मारके | रात्री ८:३६

भूत.

म्यूनिकची_माई | रात्री ९:०२

भूत नाही, परतीचा रस्ता. ट्रिगरला जायला एक वायर लागते आणि यायला एक. तुमच्या केबलमध्ये जायची वायर ठीक आहे, यायची कुठेच जोडलेली नाही, हवेत तरंगतेय, म्हणून मीटर भरकटतं. पण एफआयडीच्या वायरची जाळी जीसीच्या ग्राउंडला आहे, आणि तिचं दुसरं टोक रेकॉर्डरच्या ग्राउंडला. ट्रिगर बिचारा त्या रस्त्याने घरी येतोय. त्याच रस्त्यावरून इमारतीच्या अर्थिंगचा कचराही वाहतो, म्हणून एसी चालू झाला की ग्राउंड हलतो आणि रेकॉर्डरला वाटतं स्टार्ट आलं.

पिन १ ची सोल्डरिंग सुटलीय, किंवा ती पिन १ नाहीये. कनेक्टर उघडा.

बोंडअळीच्या_मागे | रात्री १०:२०

...

मंडळी, मी शेण खाल्लंय.

मॅन्युअलमधलं चित्र जीसीच्या मागे उभं राहून दिसतं तसं आहे, म्हणजे सॉकेट समोरून. मी ते चित्र बघून माझ्या कनेक्टरच्या मागच्या बाजूने, नाही, थांबा, मोबाइलच्या उजेडात कनेक्टरवरचे बारीक आकडे आत्ता वाचले. मी समोरूनच्या चित्राप्रमाणे डावीकडून मोजलं, पण माझ्या हातात प्लग होता आणि तोही तोंड माझ्याकडे करून. आरसा झाला. वरची ओळ १-२-३-४-५ ऐवजी ५-४-३-२-१. पिन ३ मधोमध, ती आरशातही ३ च! म्हणून स्टार्टची वायर बरोबर बसली आणि ग्राउंडची १ ऐवजी ५ वर.

तीन आठवडे. अकरा पतंग.

ओव्हनकाका | रात्री १०:३१

रडू नकोस. या डी-कनेक्टरच्या आरशात आमच्या वेळचे भले भले सर्व्हिस इंजिनिअर आपटलेत, आणि त्यातला एक मी. आकडे प्लास्टिकवर छापलेले असतात, पण तीळ केवढा असतो तेवढे. चाळिशीनंतर तर भिंगाशिवाय नाहीच. म्हणून चित्रावरून कधी मोजायचं नाही, कंटिन्युइटी लावून बीप ऐकायचा.

नागपुरी_संत्रं | रात्री १०:३४

अकरा पतंग म्हणजे एका सापळ्याची रात्र ताई. आमच्याकडून घेऊन जा, फुकट.

म्यूनिकची_माई | रात्री १०:५०

थांबा, ५ वर आहे म्हणालात? मग ती वायर हलवू नका.

६८९० च्या रिमोटवर ४ आणि ५ या स्टार्ट रिलेच्या पिना आहेत. स्टार्ट दाबलं की आतला रिले सुमारे १२० मिलिसेकंदांसाठी ४ आणि ५ एकमेकांना चिकटवतो आणि सोडतो. नुसता कोरडा संपर्क, जीसीच्या ग्राउंडशी संबंध नाही, व्होल्टेज नाही. रिमोट लाइन न समजणाऱ्या बाहेरच्या यंत्रासाठीच तो दिलेला असतो. तुमच्या रेकॉर्डरचं इनपुट ४.९ व्होल्टला ओढलेलं आहे म्हणजे त्याला फक्त स्वतःच्या ग्राउंडशी शॉर्ट करणारं कुणीतरी हवंय. ५ वर रेकॉर्डरचा ग्राउंड आधीच बसलाय, चुकून का होईना. आता फक्त ३ वरची वायर उपटा आणि ४ वर लावा. एक डाग सोल्डर. आणि या वेळी ४ म्हणजे ४!

सोल्डरचा_धूर | रात्री १०:५४

कडक. आणि मी ऑप्टो विकत बसलो होतो.

डेटा_दादा | रात्री ११:०१

एक शंका, १२० मिलिसेकंद रेकॉर्डरला दिसतील का? आमचं एक सॉफ्टवेअर डिजिटल इनपुट सेकंदात दोनदाच बघायचं. दोन बघण्यांच्या मधे स्टार्ट येऊन निघून जायचं.

सोल्डरचा_धूर | रात्री ११:०८

हार्डवेअरने काठ पकडत असेल तर दिसतील. नुसतं अधूनमधून डोकावत असेल तर मध्ये ५५५ चा मोनोस्टेबल (छोटा पल्स लांबवणारं सर्किट) टाका, १०० किलो आणि १० मायक्रोफॅरड, १.१ गुणिले आरसी म्हणजे १.१ सेकंदाचा लांब पल्स. पण त्याला वेगळी बॅटरी द्या, यूएसबीचे ५ व्होल्ट नकोत.

आणि जोडायच्या आधी खात्री करायची असेल तर ९ व्होल्टची बॅटरी, १ किलो आणि एक एलईडी, ४-५ मधून. स्टार्ट दाबलं की एकदा लुकलुकला पाहिजे. मल्टिमीटरच्या आकड्यावर तो क्षण दिसणार नाही, आकडा बदलेपर्यंत रिले सुटलेला असतो.

कॅपिलरी_क्वीन | बुधवार, सकाळी ९:००

मग झालं का? रात्री झोप नाही आली मला.

बोंडअळीच्या_मागे | दुपारी ४:४०

झालं!! एलईडी लुकलुकला, ज्युनिअर टाळ्या वाजवायला लागला. मग ४-५ रेकॉर्डरला. तीस वेळा स्टार्ट दाबलं, तीसही वेळा ट्रिगर. एफआयडीची वायर काढून, लावून, एसी चालू-बंद करून, सगळं करून पाहिलं. ५५५ लागला नाही, रेकॉर्डर काठ पकडतोय.

पण हम आहे तसाच आहे. पट्टी जरा बारीक झाली असेल, किंवा मला आनंदात तसं वाटतंय.

ओव्हनकाका | दुपारी ५:०५

ट्रिगर सुटा झाला, पण एफआयडीची ॲनालॉग वायर? ती अजून दोन्ही यंत्रांचे ग्राउंड धरून बसलीय. जीसीची अर्थिंग एका सॉकेटमधून, रेकॉर्डरच्या पीसीची दुसऱ्या, आणि मधे ही जाळी. केवढं मोठं कडं झालं बघ, आणि त्याच्या मधोमध तुझी मिलिव्होल्टची मिशी.

एक फुकटातला प्रयोग कर. पीसीऐवजी लॅपटॉप लाव, चार्जर काढून, बॅटरीवर. रेकॉर्डरला वेगळं प्लग नसेल तर कडं तुटेल.

बोंडअळीच्या_मागे | रात्री ७:१५

काका.

पट्टी गेली. रेकॉर्डर यूएसबीवरच चालतो. चार्जर काढला त्या क्षणी ट्रेस केसासारखा बारीक झाला, चार्जर लावला की परत जाड. पाच वेळा काढ-घाल करून बघितलं, नुसती मजा म्हणून.

नवीन मिशी बसवून रन टाकला. गॉसिप्ल्युअरच्या जागी खणखणीत खड्डा, आणि त्याच्या कितीतरी आधी, फुलाच्या वासातल्या एका बारीक पीकखाली अजून एक छोटा. एफआयडीवर तो पीक जेमतेम दिसतो. पहिला रन आहे म्हणून अजून तोंड उघडत नाही. अकरा रन व्हायचेत.

मिश्या_आणि_मी | रात्री ७:२२

काटा आला.

सोल्डरचा_धूर | रात्री ७:३०

लॅपटॉपची बॅटरी २५ मिनिटं टिकते ना? आमच्या लॅबमधला बारा मिनिटांत मान टाकतो. कायमचा उपाय म्हणून ॲनालॉग वायरवर सिग्नल आयसोलेटर टाका किंवा ते चॅनल डिफरन्शियल करता येत असेल तर करा.

बोंडअळीच्या_मागे | रात्री ७:४१

दोन तास टिकते. आयसोलेटरसाठी मागणीपत्र लिहिते. येईपर्यंत माझं लग्न, बारसं सगळं होईल. सगळ्यांचे मनापासून आभार, माईंचे आणि काकांचे जास्त. ज्युनिअर आता चहा शांतपणे पितो.

नागपुरी_संत्रं | रात्री ७:५०

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, सापळा कधी देणार ते विचार.

पीएच_सात | शनिवार, रात्री १०:१५

धागा उशिरा वाचला, भारीच. आमच्याकडे त्याच घराण्यातलं एलसी (गॅसऐवजी द्रवावर चालणारं क्रोमॅटोग्राफ) आहे, मागे तसंच ९ पिनचं रिमोट सॉकेट. फ्रॅक्शन कलेक्टरला स्टार्ट द्यायचंय. म्हणजे इथेही ४ आणि ५ कलेक्टरला जोडायचं ना? सोल्डरिंग गन गरम होतेय.

ओव्हनकाका | रात्री १०:१७

बंद कर ती गन. एलसीच्या रिमोटवर ४ नंबर शटडाऊन आहे. कलेक्टरने ती लाइन खाली ओढली की पंपासकट अख्खी सिस्टिम बंद पडेल, आणि ५ वर तर काहीच नसतं. आधी तुझ्या मॉडेलचं मॅन्युअल उघड, रिमोटचं पान काढ, आणि ते चित्र सॉकेटचं आहे की प्लगचं ते मला लिहून कळव. तोपर्यंत हात खिशात.

पीएच_सात | रात्री १०:१९

हात खिशात.